‘तेंगोकु तो जिगोकु’ (१९६३) : अपहरणाचा थरारपट, खंडणीचा कायदा आणि उच्चवृद्धीच्या काळातील जपानी समाज

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात चित्रपटाकडे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आता नवीन राहिलेली नाही. मात्र ऐतिहासिक विषयावरील चित्रपट आणि समकालीन विषयावरील चित्रपट यांत एक महत्त्वाचा फरक आहे. पहिल्या प्रकारचा चित्रपट भूतकाळाविषयी काही सांगण्याचा दावा करतो. दुसऱ्या प्रकारचा चित्रपट असा कोणताही दावा करीत नाही आणि म्हणूनच तो आपल्या काळाची साक्ष अधिक मोकळेपणाने देऊन जातो. गुन्हेगारीवर आधारित थरारपट हा केवळ करमणुकीचा प्रकार मानला गेल्यामुळे अशा साक्षीकडे इतिहासकारांचे पुष्कळदा दुर्लक्ष झाले आहे.

अकिरा कुरोसावा यांचा ‘तेंगोकु तो जिगोकु’ हा कृष्णधवल चित्रपट १ मार्च १९६३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा होतो. एका लहान मुलाचे अपहरण, खंडणी, पोलिसांचा तपास आणि गुन्हेगारास शिक्षा असा त्याचा सरळ आराखडा आहे. पण प्रदर्शनानंतर बरोबर तीस दिवसांनी टोकियोत चार वर्षांच्या एका मुलाचे अपहरण झाले आणि पुढच्याच वर्षी जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठी केलेल्या अपहरणाचे नवे कलम आले. त्यामुळे या थरारपटाकडे त्या काळातील एका सामाजिक व कायदेशीर प्रश्नाचा दस्तऐवज म्हणून पाहणे शक्य होते. तो प्रश्न असा की, दुसऱ्याच्या मुलासाठी कोणी आणि किती किंमत मोजावी?

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. एक, या चित्रपटातील कथानकाचा १९६० च्या दशकातील जपानच्या आर्थिक व सामाजिक स्थितीशी असलेला संबंध तपासणे. दोन, चित्रपटातील तपासयंत्रणा आणि १९६३ मधील प्रत्यक्ष प्रकरणे यांची तुलना करणे. तीन, १९६४ च्या कायदेबदलाच्या संदर्भात चित्रपटातील नैतिक पेचाचा अर्थ लावणे. चित्रपटामुळे कायदा बदलला असे सिद्ध करण्याचा हेतू येथे नाही. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही, ही मर्यादा लक्षात ठेवूनच विवेचन केले आहे. त्यासाठी वर्णनात्मक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कथानक आणि मूळ कादंबरी

चित्रपटाचा नायक किंगो गोंदो (तोशिरो मिफुने) हा योकोहामातील एका पादत्राणे कंपनीचा संचालक आहे. कारागीर म्हणून उमेदवारी करीत तो वर आलेला आहे. इतर संचालकांना दिसायला आकर्षक पण टिकाऊ नसलेले स्वस्त जोडे बाजारात आणायचे आहेत. गोंदोला ते मान्य नाही. कंपनीवर ताबा मिळवण्यासाठी त्याने घरासह सर्व मालमत्ता गहाण ठेवून पाच कोटी येन उभे केले आहेत. त्याच संध्याकाळी दूरध्वनी येतो की त्याच्या मुलाचे अपहरण झाले असून तीन कोटी येन खंडणी हवी. थोड्याच वेळात उलगडा होतो की गुन्हेगाराने गोंदोच्या मुलाऐवजी त्याच्या मोटारचालकाचा मुलगा शिनिची याला चुकून पळवले आहे. दोन्ही मुले खेळताना आपापसांत पोशाख बदलत होती. चूक लक्षात आल्यावरही गुन्हेगार मागणी सोडत नाही. पैसे गोंदोनेच द्यायचे, असे तो बजावतो.

त्या काळी एका डॉलरला ३६० येन हा स्थिर विनिमय दर होता. त्या हिशेबाने खंडणीची रक्कम सुमारे ८३ हजार डॉलर होते. गोंदोच्या दृष्टीने मात्र हा आकडा म्हणजे त्याचे संपूर्ण आयुष्य आहे. पैसे दिले तर कंपनी, घर आणि प्रतिष्ठा सर्व जाणार. न दिले तर चालकाच्या मुलाचा जीव जाणार.

हे कथानक एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ मधील ‘किंग्ज रॅन्सम’ या कादंबरीवर आधारित आहे. कादंबरीतील उद्योगपती अखेरपर्यंत खंडणी देण्यास नकार देतो. कुरोसावा आणि त्यांच्या सहलेखकांनी नेमका हाच सांधा बदलला. त्यांचा गोंदो आधी नकार देतो, चालक आओकी त्याच्या पायाशी लोळण घेतो, पत्नी विनवणी करते, विश्वासू सचिव फितूर होतो आणि शेवटी गोंदो पैसे देतो. त्यामुळे ‘गुन्हेगार सापडेल का’ या प्रश्नाआधी ‘हा माणूस परक्या मुलासाठी उद्ध्वस्त होण्यास तयार होईल का’ हा प्रश्न उभा राहतो. चित्रपटाचा जवळजवळ पहिला तासभर याच एका दिवाणखान्यात घडतो, हे लक्षणीय आहे.

उच्चवृद्धीचा काळ : टेकडी आणि तिच्या पायथ्याची वस्ती

डिसेंबर १९६० मध्ये पंतप्रधान हायातो इकेदा यांच्या सरकारने दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची योजना स्वीकारली. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोत ऑलिंपिक स्पर्धा व्हायच्या होत्या. युद्धात बेचिराख झालेला देश जगापुढे नव्या रूपात उभा राहत होता. चित्रपटातील गोंदोचे घर या नव्या समृद्धीचे प्रतीक आहे. ते टेकडीवर आहे, त्याला मोठ्या काचा आहेत आणि त्यात वातानुकूलन आहे. खाली पसरलेल्या दाट वस्तीतील कोणत्याही अरुंद खोलीतून ते दिसते. गुन्हेगार दूरध्वनीवर उकाड्याचा उल्लेख करतो तेव्हा वर्गभेद हा त्याला अंगावर सोसावा लागणारा अनुभव आहे, हे ध्यानात येते.

या गुन्हेगाराचा व्यवसाय इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. गिंजिरो ताकेउची (त्सुतोमु यामाझाकी) हा सराईत गुंड नसून रुग्णालयातील प्रशिक्षणार्थी डॉक्टर आहे. १९४६ पासून जपानमध्ये वैद्यकीय पदवीधरांना राष्ट्रीय परीक्षेस बसण्यापूर्वी एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी करावी लागे आणि त्याबद्दल वेतन मिळत नसे. या पद्धतीविरुद्ध विद्यार्थ्यांत असंतोष साचत गेला, १९६८ च्या प्रारंभी टोकियो विद्यापीठातील आंदोलनाची ठिणगी याच प्रश्नातून पडली आणि त्याच वर्षी ती पद्धत रद्द झाली. म्हणजे चित्रपटातील ‘नरक’ हा निव्वळ रूपकात्मक नाही. सुशिक्षित, भविष्यात प्रतिष्ठा मिळण्याची शक्यता असलेला आणि तरीही वर्तमानात निर्धन असा एक तरुण वर्ग त्या समाजात प्रत्यक्ष होता. अर्थात बहुसंख्य प्रशिक्षणार्थींनी गुन्हे केले नाहीत. त्यामुळे दारिद्र्य हे ताकेउचीच्या कृत्याचे समर्थन ठरत नाही आणि चित्रपटही ते तसे मांडत नाही.

चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग ‘कोदामा’ या जलदगती रेल्वेगाडीत घडतो. ‘कोदामा’ म्हणजे प्रतिध्वनी. ही विजेवर चालणारी वातानुकूलित गाडी १९५८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली होती आणि तिच्यात दूरध्वनीची सोय होती. गाडीच्या खिडक्या बंद असतात. केवळ प्रसाधनगृहाची खिडकी सात सेंटिमीटर उघडते. म्हणूनच पैशाच्या पिशव्या सात सेंटिमीटरपेक्षा जाड नसाव्यात असे गुन्हेगार सांगतो आणि साकावा नदीच्या पुलाजवळ त्या बाहेर टाकायला लावतो. आधुनिक सोयीतील एक फट हेरून गुन्हा उभा राहतो. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोकाइदो शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे सुरू झाली आणि ‘कोदामा’ हे नाव त्या नव्या मार्गावरील गाडीला मिळाले. अवघ्या दीड वर्षात पडद्यावरची ती गाडी इतिहासजमा झाली.

याच ओघात आणखी एका तपशिलाची नोंद घ्यावी लागते. पिशव्यांत पोलिसांना दोन प्रकारच्या कुप्या लपवायच्या असतात. एक पाण्यात टाकल्यास दुर्गंधी येते आणि दुसरी जाळल्यास गुलाबी धूर निघतो. तेव्हा गोंदो आपली जुनी हत्यारे काढतो, जमिनीवर बसतो आणि स्वतः चामडे शिवू लागतो. संचालक पुन्हा कारागीर होतो. पुढे कृष्णधवल पडद्यावर धुराडातून निघणारा धूर तेवढा गुलाबी दिसतो आणि तपासाला दिशा मिळते.

पडद्यावरील पोलीस आणि १९६३ चे वास्तव

चित्रपटातील पोलीस अधिकारी तोकुरा (तात्सुया नाकादाई) आणि त्याचे सहकारी शिस्तबद्ध आहेत. ते प्रत्येक संभाषण ध्वनिमुद्रित करतात, गाडीतून चलच्चित्रण करतात आणि नोटांचे क्रमांक टिपून ठेवतात. ध्वनिफितीतील एनोदेन या स्थानिक गाडीच्या आवाजावरून आणि सुटून आलेल्या मुलाने काढलेल्या समुद्राच्या चित्रावरून ते ठिकाण शोधतात. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी त्यांना सहकार्य करतात. मुलगा जिवंत परत येतो.

प्रत्यक्षातील अनुभव वेगळा होता. चित्रपटापूर्वीच, मे १९६० मध्ये, टोकियोत एका श्रीमंत व्यावसायिकाच्या सात वर्षांच्या मुलाचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली होती. आरोपी दंतवैद्य होता. वृत्तपत्रांतील बातम्यांमुळे आपण कोंडीत सापडलो असे त्याने सांगितल्यावर पत्रकारितेच्या जबाबदारीवर मोठी चर्चा झाली. १९६३ च्या प्रकरणात वृत्तपत्रांनी पोलिसांशी समझोता करून काही काळ संयम पाळला आणि १९७० मध्ये जपानच्या वृत्तपत्र संघटनेने अपहरणाच्या बातम्यांविषयी औपचारिक धोरण ठरवले.

३१ मार्च १९६३ रोजी टोकियोच्या ताइतो विभागात घराजवळच्या उद्यानातून चार वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. मागणी पाच लाख येनांची होती. ७ एप्रिलच्या पहाटे आईने सांगितलेल्या जागी पैसे ठेवले. पोलीस काही मिनिटे उशिरा पोहोचले आणि गुन्हेगार पैसे घेऊन निसटला. नोटांचे क्रमांक टिपलेले नव्हते. २५ एप्रिलला गुन्हेगाराचा ध्वनिमुद्रित आवाज नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून देशभर ऐकवण्यात आला. आरोपीची कबुली मिळण्यास जुलै १९६५ उजाडावा लागला. मुलाची हत्या अपहरणानंतर लगेचच झाली होती. पडद्यावर जे महिनाभरापूर्वी नेमकेपणाने करून दाखवले होते ते प्रत्यक्षात घडले नाही. या विसंगतीतून चित्रपटाचे ऐतिहासिक मूल्य उलगडते. पोलीस कसे होते याहून पोलीस कसे असावेत अशी त्या समाजाची अपेक्षा होती, हे तो अधिक सांगतो.

या अपयशानंतर महिन्याभरातच, १ मे १९६३ रोजी, साइतामा प्रांतातील सायामा येथे एका शाळकरी मुलीचे अपहरण झाले. खंडणी घेण्यास आलेल्या इसमास पोलिसांनी पुन्हा निसटू दिले आणि नंतर त्या मुलीचा मृतदेह सापडला. जनक्षोभ इतका होता की राष्ट्रीय पोलीस यंत्रणेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. त्यानंतर अटक झालेला तरुण बुराकू या पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसलेल्या समाजातील होता. १९६४ मध्ये त्याला मृत्युदंड आणि १९७४ मध्ये अपिलात जन्मठेप झाली. १९९४ मध्ये तो अटींवर सुटला आणि आपण निर्दोष आहोत असे सांगत पुनर्विचाराची मागणी करीत २०२५ मध्ये मरण पावला. टेकडीखालच्या वस्तीकडे संशयाने पाहणारी यंत्रणा घाईत असेल तर काय होऊ शकते, हा प्रश्न त्या प्रकरणाने जपानपुढे सहा दशके ठेवला. कुरोसावांच्या चित्रपटात या प्रश्नाला जागा नाही, कारण तेथे गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. चित्रपटाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

अनुकरणाचा प्रश्न

टोकियोतील १९६३ च्या प्रकरणातील आरोपीने या चित्रपटाची जाहिरातफीत पाहिली होती, ही बाब पुढे प्रसिद्ध झाली आणि चित्रपटावर टीकाही झाली. परंतु अनुकरणाची साखळी एकाच दुव्याची नसते. एप्रिल १९६० मध्ये फ्रान्समध्ये प्यूजो या मोटार उद्योगातील घराण्याच्या चार वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले होते. त्यातील खंडणीचे पत्र लायोनेल व्हाइट या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून बेतलेले होते. त्या फ्रेंच घटनेच्या बातम्या १९६० च्या टोकियोतील आरोपीपर्यंत पोहोचल्या होत्या. म्हणजे कादंबरी, बातमी आणि चित्रपट ही तिन्ही माध्यमे त्या काळात गुन्ह्याची कल्पना देशोदेशी नेत होती. एका चित्रपटास दोषी धरल्याने दूरध्वनी, मोटार, बँक आणि वृत्तपत्र यांनी घडवलेल्या नव्या नागरी जीवनाचा विचार बाजूला पडतो. अपहरणाची ही आधुनिक पद्धत त्या जीवनातूनच आली होती.

कायद्यातील बदल आणि ‘चिंता करणारा’

१९०७ च्या जपानी दंडसंहितेत खंडणीसाठी अपहरण असा स्वतंत्र गुन्हा नव्हता. लाभाच्या हेतूने केलेल्या अपहरणास एक ते दहा वर्षे कारावास होता. अपहरणाच्या शिक्षा फार सौम्य आहेत, अशी खंत कुरोसावांनी व्यक्त केली होती. चित्रपटातही केवळ अपहरणाबद्दल अटक केली तर गुन्हेगारास फार तर पंधरा वर्षे होतील असा हिशेब पोलीस मांडतात.

१९६४ मध्ये दंडसंहितेत कलम २२५-२ घालण्यात आले. खंडणीसाठी अपहरण करणाऱ्यास जन्मठेप किंवा किमान तीन वर्षांचा कारावास अशी शिक्षा ठरली. त्याच वेळी कलम २२८-२ नुसार, खटला दाखल होण्यापूर्वी अपहृत व्यक्तीस सुरक्षित ठिकाणी सोडून दिल्यास शिक्षा कमी करण्याची तरतूद झाली. शिक्षेची जरब वाढवतानाच परतीची वाट उघडी ठेवणारी ही तरतूद आहे. मूल जिवंत परत यावे, हे उद्दिष्ट कायद्याने सूड घेण्याच्या भावनेपेक्षा वर ठेवले.

याहून महत्त्वाची गोष्ट कलमाच्या शब्दयोजनेत आहे. जवळच्या नातेवाइकांच्या किंवा ‘अपहृताच्या सुरक्षिततेची चिंता करणाऱ्या अन्य व्यक्तीच्या’ चिंतेचा गैरफायदा घेऊन पैसे उकळणे, अशी या गुन्ह्याची व्याख्या आहे. गोंदो हा शिनिचीचा नातेवाईक नाही. मग तो ‘चिंता करणारा’ ठरतो काय? पडद्यावर विचारला गेलेला हा प्रश्न पुढे न्यायालयात वेगळ्या रूपात आला. एका बँकेच्या अध्यक्षाचे अपहरण करून बँकेच्या अधिकाऱ्यांकडे खंडणी मागितल्याच्या प्रकरणात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निर्णय दिला. निकटच्या विशेष नात्यामुळे नातलगाप्रमाणेच चिंता करणे समाजाच्या दृष्टीने स्वाभाविक ठरते अशी व्यक्ती या कलमात येते, असे न्यायालयाने म्हटले. प्रस्तुत लेखकाच्या मते चित्रपटाचा पहिला तास म्हणजे एक मालक अशी ‘चिंता करणारी व्यक्ती’ कसा होतो, त्याचेच चित्रण आहे. नोकर आणि मालक या नात्यातून त्याला बाहेर यावे लागते. कायदा त्याच्यावर पैसे देण्याची सक्ती करू शकत नाही. तो निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

कठोर शिक्षेची मागणी आणि तिची किंमत

चित्रपट कठोर शिक्षेच्या बाजूने उभा आहे, असे वरवर पाहता वाटते. पण उत्तरार्ध नीट पाहिल्यास हे विधान सुधारावे लागते. ताकेउचीने आपल्या दोन व्यसनी साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन मारलेले असते. त्याच्यावर खुनाचा आरोप निश्चितपणे सिद्ध व्हावा म्हणून पोलीस त्याला लगेच पकडत नाहीत. साथीदार जिवंत असल्याचा भास निर्माण करून ते त्याला मोकळे सोडतात. योकोहामाच्या कोगानेचो भागातील व्यसनींच्या वस्तीत तो नव्याने मिळवलेल्या हेरॉइनची परीक्षा एका असहाय स्त्रीवर घेतो आणि ती मरते. पोलीस मागावर असतानाच हे घडते. तपासाच्या कौतुकात या स्त्रीचा उल्लेख कोणी करीत नाही. तिला नावही नाही.

येथे चित्रपटाने स्वतःच्याच मागणीची तपासणी केली आहे. चालकाच्या मुलासाठी एका श्रीमंताने सर्वस्व दिले, परंतु वस्तीतील स्त्रीसाठी ‘चिंता करणारे’ कोणीच नव्हते. ज्याच्याविषयी चिंता करणारा माणूस आहे त्याच्याच जिवाला किंमत येते, ही कठोर वस्तुस्थिती चित्रपट न बोलता मांडतो. शेवटच्या प्रसंगात मृत्युदंड झालेला ताकेउची आणि सर्वस्व गमावून लहानशा कारखान्यात पुन्हा जोडे बनवू लागलेला गोंदो काचेआड समोरासमोर बसतात. काचेत एकाचा चेहरा दुसऱ्यावर उमटतो. लोखंडी पडदा खाली येतो आणि गोंदो एकटाच उरतो. विजयाची भावना तेथे कोठेही नाही.

भारतीय संदर्भ

या कथानकाचा भारताशी थेट संबंध आहे. १९७७ मधील राज सिप्पी दिग्दर्शित ‘इनकार’ हा हिंदी चित्रपट याच कथेवर बेतलेला होता. पादत्राणांच्या उद्योजकाची भूमिका मराठी रंगभूमीवरील श्रेष्ठ नट डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. मात्र तेथे भर विनोद खन्ना यांनी साकारलेल्या पोलीस अधिकाऱ्यावर राहिला. २०२५ मध्ये स्पाइक ली यांनी हीच कथा न्यूयॉर्कच्या संगीत उद्योगात नेली. देश बदलला तरी चालकाच्या मुलाचा पेच तसाच राहतो.

‘इनकार’ प्रदर्शित झाला तेव्हा भारतीय दंडसंहितेतही खंडणीसाठी अपहरणाचे स्वतंत्र कलम नव्हते. १९९३ मध्ये कलम ३६४-अ आले आणि त्यात मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० मध्ये आहे. भारतीय तरतूद अपहृतास ठार मारण्याच्या किंवा इजा करण्याच्या धमकीवर व तत्सम वर्तनावर आधारलेली असून खंडणी ‘अन्य कोणत्याही व्यक्तीकडे’ मागितली तरी चालते. जपानी तरतूद चिंतेच्या नात्यावर उभी आहे आणि मृत्युदंडाऐवजी मुलाच्या सुटकेला सवलत देते. दोन समाजांनी एकाच भीतीला दिलेली ही दोन वेगळी उत्तरे आहेत.

निष्कर्ष

१. ‘तेंगोकु तो जिगोकु’ हा उच्चवृद्धीच्या काळातील जपानी वर्गभेदाचा विश्वसनीय सामाजिक दस्तऐवज आहे. बिनपगारी प्रशिक्षणार्थी डॉक्टर, वातानुकूलित घर आणि ‘कोदामा’ गाडी हे तपशील त्याची साक्ष देतात.

२. तपासयंत्रणेच्या बाबतीत हा चित्रपट वास्तवापेक्षा अपेक्षेचे चित्रण करतो. १९६३ मधील दोन प्रत्यक्ष प्रकरणांनी ती अपेक्षा किती अपुरी ठरली हे दाखवले.

३. १९६४ च्या कायद्याने शिक्षा वाढवली, पण अपहृताच्या सुटकेला सवलत देऊन आणि ‘चिंता करणाऱ्या अन्य व्यक्तीला’ व्याख्येत घेऊन त्याने शिक्षेपलीकडचाही विचार केला.

४. चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न शिक्षेचा नसून जबाबदारीचा आहे. परक्या मुलाची चिंता आपली मानणारा माणूस समाजात असेल तरच कायद्यातील त्या शब्दांना अर्थ राहतो. कोगानेचोतील त्या अनाम स्त्रीच्या वाट्याला असा कोणी आला नाही. चित्रपट पाहताना आणि त्या काळाचा इतिहास लिहिताना शिनिचीच्या सुटकेबरोबर तिच्या मृत्यूचीही नोंद झाली पाहिजे.